‘अंगावरून वारं गेलं’ म्हणण्याआधी घड्याळ बघा

आमच्या भागात पक्षाघाताला अजूनही ‘अंगावरून वारं गेलं’ म्हणतात. वारं येतं आणि जातं, त्याला कोण काय करणार, असाच त्या शब्दाचा सूर आहे. मी फिजिओथेरपिस्ट आहे. माझ्याकडे पेशंट येतो तो दोन-तीन आठवड्यांनी, एक हात मांडीवर निपचित ठेवून, घरच्या दोघांच्या आधारानं. पहिल्या दिवशी मी घरच्यांना एकच गोष्ट विचारते: त्या दिवशी नेमकं काय झालं आणि किती वाजता? उत्तरं ऐकून जीव तुटतो, कारण बहुतेक वेळा उपचार हुकलेला असतो तो हॉस्पिटलच्या दारात पोचायच्या आधीच.

माझ्या सख्ख्या मामाचंच सांगते. सकाळी सातला मामीनं चहा दिला. मामा बशीतून चहा प्यायला लागला आणि उजव्या कोपऱ्यातून तो बंडीवर सांडत राहिला, पण त्याला पत्ताच नाही. मग सदऱ्याची गुंडी लावताना बोटांना काज सापडेना. ‘रात्रभर त्या कुशीवर झोपलात, हात बधिरला असेल’ म्हणून मामीनं तेल चोळून दिलं. साडेनऊला गावातल्या दवाखान्यात नेलं. तिथं बीपी जास्त निघालं म्हणून जिभेखाली गोळी दिली, सलाईन लावलं आणि ‘दुपारपर्यंत बघू’ म्हणून सांगितलं. मला फोन आला साडेअकराला. मोठ्या हॉस्पिटलात सीटी स्कॅन झाला तेव्हा दुपारचे पावणेदोन वाजत आले होते. ते हॉस्पिटल घरापासून गाडीनं जेमतेम पाऊण तासावर होतं. मामीनं हयगय केली नाही, तिला जे माहीत होतं ते तिनं केलं. माहीत नव्हतं ते मी इथे लिहिते आहे.

घाई कशासाठी

मेंदूचं वजन शरीराच्या साधारण दोन टक्के, पण शरीराला लागणाऱ्या प्राणवायूतला सुमारे पाचवा हिस्सा तो एकटा वापरतो, आणि साठवून काहीच ठेवत नाही. रक्तवाहिनीत गुठळी अडकली की त्यापुढचा भाग मरायला लागतो. मोठी वाहिनी बंद झाली असेल तर दर मिनिटाला सुमारे १९ लाख पेशी जातात, असा हिशेब २००६ साली मांडला गेला. पण सगळा भाग एकदम मरत नाही. मधला गाभा लवकर जातो आणि त्याच्या भोवतीचा भाग आजूबाजूच्या वाहिन्यांतून मिळेल तेवढ्या रक्तावर काही तास तग धरून असतो. उपचार असतो तो हा तगलेला भाग वाचवण्यासाठी.

गुठळी विरघळवणारं इंजेक्शन त्रास सुरू झाल्यापासून साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं. त्याचा उपयोग १९९५ साली अमेरिकेतल्या मोठ्या अभ्यासात सिद्ध झाला. तेव्हा मर्यादा तीन तासांची होती, २००८ च्या युरोपातल्या अभ्यासानंतर ती साडेचारवर आली. साडेचार तास आहेत म्हणजे सावकाश निघालं तरी चालेल, असा त्याचा अर्थ काढू नका. पहिल्या तासात दिलेल्या आणि चौथ्या तासात दिलेल्या इंजेक्शनच्या फायद्यात फार फरक असतो.

काही पेशंटमध्ये, जगभरात साधारण दहांतल्या तिघा-चौघांत, गुठळी नसते, वाहिनी फुटून रक्तस्राव झालेला असतो. दोन्हीत तोंड तसंच वाकडं होतं आणि हात तसाच लुळा पडतो. बाहेरून बघून कुणालाही, अगदी डॉक्टरलाही, खात्रीनं सांगता येत नाही. त्यासाठी सीटी स्कॅनच लागतो. पुढच्या बऱ्याच सूचना या एका गोष्टीवर उभ्या आहेत.

ओळखायचं कसं

जगभर ‘फास्ट’ हा शब्द शिकवतात: चेहरा, हात, बोलणं आणि वेळ. चाचणीला एक मिनिटही लागत नाही, पण ती नीट करायला हवी.

चेहऱ्यासाठी ‘हसा’ म्हणू नका. घाबरलेला माणूस हसत नाही. ‘दात दाखवा’ म्हणा. कवळी वापरणाऱ्या आजोबांना ‘ई म्हणा’ सांगा. ओठांचा एक कोपरा वर गेला आणि दुसरा जागचा हलला नाही, तर ते लक्षण धरा. चूळ भरताना पाणी एका बाजूनं गळणं हेही तेच.

हातांसाठी दोन्ही हात समोर, तळवे वर, डोळे मिटून दहा आकडे मोजेपर्यंत धरायला सांगा. एक हात खाली येतो किंवा तळवा हळूच आत वळायला लागतो. हे वळणं बारीक असतं आणि तेच नजरेतून सुटतं. ‘माझा हात दाबून दाखव’ ही घरोघरी होणारी परीक्षा पुरेशी नाही, सौम्य झटक्यात पकड बरी असते. पायही बघा. चप्पल पायातून निसटते आणि कळत नाही, पाऊल फरफटतं.

बोलण्याच्या बाबतीत सर्वांत जास्त फसगत होते. वाचा जाण्याचे दोन प्रकार आहेत. एकात जीभ जड होते आणि दारू प्यायल्यासारखे शब्द लडबडतात. दुसऱ्यात उच्चार स्वच्छ असतात पण शब्दच चुकीचे येतात, ‘पाणी दे’ऐवजी ‘खिडकी दे’, नाहीतर समोरचा काय म्हणतो ते समजतच नाही. घरच्यांना वाटतं, म्हातारपणी भ्रम झाला. वर कुणीतरी म्हणतं, ‘अहो, रामरक्षा म्हणाले की आत्ता!’ पाठ असलेलं स्तोत्र, अंक, वार, शिव्यासुद्धा, हे सगळं कधीकधी वाचा गेल्यावरही शाबूत राहतं, कारण ते सवयीनं येतं. म्हणून पाठांतर विचारू नका. खिशातलं पेन किंवा किल्ली दाखवून ‘हे काय?’ विचारा. ‘डाव्या हातानं उजवा कान धरा’ सांगा. ‘आज दूध उशिरा आलं’ असं एक नवं वाक्य म्हणायला लावा.

या तिघांपैकी एक जरी नव्यानं आणि अचानक बिघडलेलं दिसलं तर तो पक्षाघात आहे असं धरूनच चालायचं. दुसरं लक्षण उमटायची वाट बघत बसायचं नाही.

आणखी दोन गोष्टी जोडते, तोल आणि नजर. अचानक चालताना एका बाजूला झोकांड्या जाणं, एकाची दोन दिसणं, अर्धं दृश्यच नाहीसं होणं, चक्करीसोबत उलट्या आणि बोलणं जड होणं. मेंदूच्या मागच्या भागातला झटका असाच येतो आणि ‘पित्त झालंय’ म्हणून माणूस घरात लिंबू-सरबत पीत पडून राहतो. तसंच, आयुष्यात कधी झाली नाही अशी भयंकर डोकेदुखी एका क्षणात सुरू झाली, तर तीही याच रांगेत धरा. तिथं बहुधा रक्तस्रावाची शंका असते.

एक गोष्ट आवर्जून सांगते. मेंदूच्या उजव्या भागात झटका आला की डावी बाजू लुळी पडते, आणि कित्येकदा आपली डावी बाजू गेली आहे याची जाणीवच माणसाला राहत नाही. तो ठामपणे म्हणतो, ‘मला काही झालेलं नाही, कशाला गावभर करता?’ तो खोटं बोलत नसतो. ज्या भागानं जाणीव व्हायची, तोच बंद पडलेला असतो. घरातल्या कर्त्या माणसाचा शब्द मोडायची सवय नसलेल्या घरांत इथं तासन्‌तास जातात. अशा वेळी त्यांचं ऐकू नका. राग आला तर येऊ द्या, नंतर माफी मागता येते.

घड्याळ बघा आणि लिहून ठेवा

हॉस्पिटलमध्ये पहिला प्रश्न ‘त्रास कधी सुरू झाला’ एवढाच नसतो. खरा प्रश्न असा असतो: माणूस शेवटचा ठणठणीत कुणी आणि किती वाजता पाहिला? या दोन वेळा वेगळ्या असू शकतात. सकाळी सहाला उठल्यावर हात लुळा दिसला, पण रात्री साडेदहाला नीट बोलून झोपले होते, तर घड्याळ साडेदहापासून धरतात. मात्र पहाटे चारला स्वतः उठून लघवीला जाऊन आल्याचं कुणी पाहिलं असेल तर ते चारपासून धरतात. त्या एका आठवणीवर इंजेक्शन मिळणं-न मिळणं ठरू शकतं. म्हणून घरातल्या प्रत्येकाला विचारा, शेवटचा फोन किती वाजता झाला ते मोबाईलवर बघा, आणि ती वेळ कागदावर किंवा सरळ तळहातावर पेनानं लिहा. गडबडीत वेळा विसरतात, आणि चार नातेवाईक चार वेळा सांगतात.

झोपेत झटका आला असेल तरी ‘आता काय उपयोग’ म्हणून घरी थांबू नका. काही ठिकाणी एमआरआय किंवा विशेष सीटी करून अजून वाचण्याजोगा भाग आहे का ते बघतात. मोठी वाहिनी बंद असेल तर तारेनं गुठळी ओढून काढण्याचा उपचार निवडक पेशंटना २४ तासांपर्यंतही करता येतो, हे २०१८ च्या अभ्यासांनी दाखवलं आहे.

फोन कुणाला, जायचं कुठे

महाराष्ट्रात १०८ ही मोफत रुग्णवाहिका २०१४ पासून आहे. ११२ वरूनही मदत मागता येते. फोनवर ‘पेशंट सिरियस आहे, लवकर या’ असं म्हणू नका. असं म्हणा:

‘पक्षाघाताचा पेशंट आहे. वय ६२. उजवा हात लुळा, बोलणं बंद. सात वाजेपर्यंत चांगले होते. गाव अमुक, मारुतीच्या देवळाजवळ, गाडी दारापर्यंत येते.’

एक माणूस रस्त्याच्या तोंडाशी उभा करा. गाडीला फार वेळ लागणार असं कळलं आणि पेशंट शुद्धीवर, श्वास नीट असेल, तर मिळेल त्या चारचाकीनं निघा. दुचाकीवर दोघांच्या मध्ये बसवून नेऊ नका.

आता सर्वांत महत्त्वाचा निर्णय. जवळच्या दवाखान्यात जायचं नाही. जिथं चोवीस तास सीटी स्कॅन चालू असतो आणि हे इंजेक्शन देतात, तिथं जायचं. ‘आधी आपल्या डॉक्टरांना दाखवू, मग ते चिठ्ठी देतील’ यात सर्वांत जास्त वेळ बुडतो. सीटी नसलेल्या ठिकाणी कितीही चांगला डॉक्टर असला तरी त्याचे हात बांधलेले असतात. आपल्या डॉक्टरांना वाटेतून फोन करा. सावंतवाडी-दोडामार्गकडची माणसं पुष्कळदा गोव्यात बांबोळीला जातात, कोल्हापूर भागातली सीपीआर या सरकारी हॉस्पिटलला. सरकारी मेडिकल कॉलेजची हॉस्पिटलं यासाठी विसरू नका. हॉस्पिटलला निघतानाच फोन लावून तीन गोष्टी विचारा: सीटी आत्ता चालू आहे का, गुठळीचं इंजेक्शन देता का, डॉक्टर हजर आहेत का. तिन्हीला हो आलं की सांगा, ‘चाळीस मिनिटांत पोचतो.’ मशीन मोकळं ठेवायला त्यांना तेवढा वेळ मिळतो. परगावी शिकायला-कमवायला गेलेल्या मुलांनी तर हे तीन प्रश्न आई-वडिलांच्या तालुक्यातल्या हॉस्पिटलांना आजच, काही झालेलं नसतानाच, विचारून ठेवावेत.

गाडी येईपर्यंत

तोंडातून काहीही द्यायचं नाही. पाणी नाही, चहा नाही, साखर नाही, गंगाजलसुद्धा नाही. गिळण्याची ताकद गेलेली असते, ते फुप्फुसात उतरतं आणि पुढे न्यूमोनिया होतो. पक्षाघातानंतरचे कित्येक मृत्यू याच न्यूमोनियानं होतात.

ॲस्पिरिन देऊ नका. हार्ट अटॅकमध्ये ती चघळायला सांगतात म्हणून लोक इथंही देतात. पण आत रक्तस्राव असेल तर तीच घातक ठरते. जिभेखाली ठेवायच्या हृदयाच्या किंवा बीपीच्या गोळ्याही नाहीत. झटक्यात बीपी वाढलेलं दिसणारच, बंद वाहिनीतून रक्त ढकलायला शरीर ते वाढवतं. ते घाईनं पाडलं तर तग धरून राहिलेला भाग मरतो. बीपी किती आणि कसं उतरवायचं हे सीटीनंतर डॉक्टर ठरवतात.

मधुमेह असेल आणि घरात ग्लुकोमीटर असेल तर साखर मोजा. साखर फार उतरली की हुबेहूब पक्षाघातासारखंच दिसू शकतं. आकडा लिहून ठेवा आणि १०८ च्या डॉक्टरला सांगा. पण साखर मोजण्यापायी निघायचं थांबू नका.

उलटी होत असेल किंवा गुंगी असेल तर कुशीवर वळवा, कवळी काढा, गळ्याशी कपडे सैल करा. श्वासच थांबला, हाक मारून हलवूनही प्रतिसाद नाही, तर छातीच्या मध्यभागी जोरात दाब द्यायला सुरुवात करा. १०८ वरचा माणूस फोनवर सांगत राहतो.

माझ्या कामातली एक विनंती. लुळ्या हाताला धरून पेशंटला उठवू नका. त्या खांद्याभोवतीचे स्नायू सैल पडलेले असतात, एका हिसक्यात सांधा सरकतो आणि मग पुढचे कित्येक महिने त्या खांद्याच्या वेदना व्यायामच करू देत नाहीत. जमिनीवरून उचलायचं असेल तर जाड चादर किंवा सतरंजी अंगाखाली सरकवून चौघांनी चार टोकं धरा. लिफ्ट नसलेल्या इमारतीत भक्कम खुर्चीवर बसवून, कमरेला पंचानं बांधून, लुळा हात मांडीवर ठेवून दोघांनी पुढून-मागून उचला.

आणि हे करू नका: बोटांना सुया टोचून रक्त काढणं, कबुतराचं रक्त चोळणं, तोंडावर पाणी मारणं, कांदा हुंगवणं, उतारा टाकणं. सुया टोचण्याचा मेसेज व्हॉट्सॲपवर वर्षानुवर्षं फिरतो आहे, त्यात काडीचं तथ्य नाही. लकव्याचं औषध देणाऱ्या अमुक गावाला नेण्याचा आग्रह घरातलं कुणीतरी धरतंच. पहिल्या दिवशी तिथं जाऊन जे गमावतं, ते कुठल्याही तेलानं परत येत नाही. त्या जिव्हाळ्याच्या माणसाशी वाद घालू नका, त्याला गाडीत घ्या आणि हॉस्पिटलला चला.

सोबत काय न्यायचं

चालू गोळ्यांची पिशवी जशीच्या तशी. त्यात रक्त पातळ करणारी गोळी आहे का, हे डॉक्टरांना सर्वांत आधी हवं असतं. ॲसिट्रोम, वॉरफॅरिन, डॅबिगाट्रान, अपिक्साबान यांपैकी काही असेल तर शेवटची गोळी कधी घेतली ते सांगा. अलीकडचं ऑपरेशन, डोक्याला मार, पूर्वीचा रक्तस्राव हेही. आधार कार्ड, रेशन कार्ड बरोबर ठेवा. योजनेबद्दल विचारायचं तर महात्मा फुले जनआरोग्य योजनेत असलेल्या हॉस्पिटलात आरोग्यमित्र बसलेला असतो, पण ते काम दुसऱ्या माणसानं करावं. ज्यानं शेवटचं नीट पाहिलं तो आणि ज्याच्या शब्दावर घर सही करतं तो, हे दोघं पेशंटबरोबरच हवेत.

हॉस्पिटलच्या दारात

दारातच मोठ्यानं सांगा: ‘पक्षाघाताची शंका आहे, अमुक वाजता सुरू झालं.’ केसपेपरच्या रांगेत उभं राहू नका. पोचल्यापासून तासाभराच्या आत इंजेक्शन द्यावं, असं उद्दिष्ट जगभर धरलं जातं. म्हणून ‘सीटी कधी होणार?’ हे नम्रपणे पण परत परत विचारायला संकोच करू नका.

‘सीटी नॉर्मल आहे’ ऐकून पुष्कळ जण पेशंटला घरी आणतात. पहिल्या काही तासांत गुठळीचा पक्षाघात साध्या सीटीत दिसतच नाही असं पुष्कळदा होतं. सीटी मुख्यतः रक्तस्राव नाही ना हे बघायला असतो. हात लुळा आहे आणि सीटी नॉर्मल आहे, म्हणजे बहुधा इंजेक्शन देता येण्याची वेळ अजून गेलेली नाही.

मग डॉक्टर संमती मागतात. अल्टेप्लेज असेल तर थोडं शिरेत एकदम आणि उरलेलं तासाभरात देतात, टेनेक्टेप्लेज एकाच वेळी. त्यानं मेंदूत रक्तस्राव होण्याचा धोका खरा आहे. १९९५ च्या अभ्यासात इंजेक्शन दिलेल्या शंभरांतल्या सुमारे सहा जणांना तो त्रास झाला. आणि तरीही तीन महिन्यांनी स्वतःच्या पायावर उभे राहणारे इंजेक्शन घेतलेल्यांतच जास्त होते. ‘पुण्याहून थोरला येऊ दे, मग ठरवू’ म्हणून थांबणं हाही एक निर्णयच आहे, आणि बहुधा सर्वांत महाग. थोरल्याला फोनवर घ्या, दोन मिनिटांत सगळं ऐकवा, सही करा. मोठी वाहिनी बंद असेल आणि तारेची सोय तिथं नसेल, तर इंजेक्शन सुरू करून पुढच्या हॉस्पिटलला कधी पाठवणार, हे त्याच वेळी विचारा.

सुरुवातीला गिळण्याची चाचणी झाल्याशिवाय पाणी पाजू नका, मावशी कितीही कळवळल्या तरी. दर दोन तासांनी कूस बदला. प्रकृती स्थिरावली की एक-दोन दिवसांत फिजिओथेरपी सुरू करायला विचारा, वॉर्डातच.

दहा मिनिटांत बरं वाटलं तर

हात लुळा पडला, जीभ अडखळली आणि चहा होईतो सगळं पूर्ववत झालं. घरात हायसं वाटतं, देवापुढे दिवा लागतो. पण हा छोटा झटका पुढच्या मोठ्या झटक्याची सूचना असू शकतो, आणि धोका पहिल्या दोन दिवसांत सर्वांत जास्त असतो. त्याच दिवशी, बरं वाटत असतानाच, हॉस्पिटल गाठा. मानेच्या वाहिन्या, ईसीजी, साखर, बीपी तपासून औषध सुरू झालं तर पुढचा झटका पुष्कळदा टाळता येतो. नाडी अनियमित लागत असेल तर ते मुद्दाम सांगा, हृदयातली गुठळी मेंदूत जाण्याचं ते मोठं कारण आहे. बीपीची गोळी ‘आता नॉर्मल आहे’ म्हणून परस्पर बंद करणं आणि तंबाखू-मिश्री चालू ठेवणं, ही दोन कारणं माझ्याकडे येणाऱ्या घरांत मी सर्वांत जास्त ऐकते.

आई-वडील गावी एकटे आणि तुम्ही बंगळूर, दुबई किंवा न्यू जर्सीत असाल, तर व्हिडिओ कॉलवर तोंड वाकडं पहिल्यांदा तुम्हालाच दिसू शकतं. परदेशातून १०८ लागत नाही. शेजाऱ्याचा, रिक्षावाल्या ओळखीच्याचा आणि हॉस्पिटलचा नंबर तुमच्या फोनमध्ये हवा, घराची एक किल्ली शेजारी हवी.

आमच्या घरी आता दाराच्या आत, लाईटच्या बटनांजवळ एक कागद चिकटवला आहे. मामीनं स्वतःच्या अक्षरात लिहिलाय: १०८. सीटीवालं हॉस्पिटल, त्याचा नंबर, दुसरं हॉस्पिटल. गाडीवाला बाळू, रात्रीही येतो. गोळ्यांची नावं. खाली मोठ्या अक्षरात, ‘पाणी पाजू नये’. आणि सर्वांत शेवटी, रिकामी सोडलेली एक ओळ: शेवटचे चांगले पाहिले, वेळ ______.